छाटणी

महिन्याचे दिवस फार तर एकतीस,
वस्तरे सत्तेचाळीस,
गाल दोनच.
एवढं गणित मला येतं,
तरी सोळा जणांचा नंबर कधीच लागत नाही
हे कळायला रुवीत अठरा वर्षं काढावी लागली.

मे ते सप्टेंबर इथली हवा
ओल्या पंचासारखी अंगाला चिकटते.
एसी बंद करून दोन दिवस प्लांटवर अडकलो
की पोलादावर तांबूस पुरळ उठतं.
मग शुक्रवारी सकाळी फतकल मारून बसायचं,
जुनी बनियन, शिवणयंत्राचं तेल, कापूस,
एकेकाला उघडायचं, पुसायचं, मिटायचं.
शालन म्हणते,
एवढं लाडानं आम्हा भावंडांना कुणी न्हाऊ घातलं नाही.

कधी कमी करायचे?
खण भरला तेव्हा नाही.
तिच्या साड्यांचा एक खण मी रिकामा करून घेतला.
सेल्युलॉइडची एक मूठ आतून कुजली,
कापरासारखा वास सोडत शेजारच्या तिघांना गंजवून गेली,
तेव्हाही नाही. तिला वेगळ्या डबीत ठेवलं,
देवी आलेल्या पोरासारखं.
मार्चमध्ये प्लांटवर यादी लागली.
छाटणी हा शब्द मॅनेजरनं काढला नाही,
तो म्हणाला, नवी रचना.
नवव्या ओळीत तळेकर. मी कुठेच नव्हतो.
त्या रात्री सत्तेचाळीसही चादरीवर मांडले
आणि कुणालाच हात लावला नाही.

वेळ आली ती एका साध्या मंगळवारी.
हातात एक आला: काळी मूठ, रुंद पातं,
मानेवर झिजलेली अक्षरं, सोलिंगेन असावं.
धार अशी, की मनगटावरचा केस
नुसत्या चाहुलीनं तुटावा.
आणि मला आठवेना
हा माझ्याकडे आला कुठून.
कुणाकडून, किती घासाघीस करून,
उन्हाळा होता का, तेसुद्धा नाही.
उलट तो दुसरा, पात्याला खड्डे, दाढीला निकामी,
त्याचं सगळं पाठ आहे:
सलालाहून परतताना, हैमाचा पेट्रोलपंप,
ट्रकवाला सिकंदर,
दीड रियाल आणि वर माझी टोपी.
तो राहील.
ज्याची हकिगत गेली, त्यानं जावं.
वाटलं होतं, निघतील दोन-तीन.
अकरा निघाले.

टॉवेलात गुंडाळून मत्राहच्या बाजारात नेले,
मुर्तझाकडे. चांदीचे खंजीर, अडकलेली होकायंत्रं,
लोबानाचा धूर.
भिंग लावून तो काळ्या मुठीपाशी थांबला, हसला.
"हा माझ्याकडूनच नेलास.
धुळीचं वादळ होतं, मी शटर ओढत होतो.
बायको बाहेर उभी, कडेवर मुलगी,
ओढणीनं तिचं तोंड झाकून.
पाच मिनिटं म्हणालास. तासभर बसलास."

परत मागायला जीभ उचलेना.
त्यानं नोटा मोजून ठेवल्या होत्या.

घरी सांगितलं. शालन पोळ्या लाटत होती.
"वादळबिदळ काही नव्हतं.
आणि ओढणी कुठली, मी तेव्हा साडीच नेसायची.
सगळ्या गिऱ्हाइकांना तो हेच सांगत असेल."
दोन पोळ्या झाल्या.
मग लाटणं थांबवून,
"पण तासभर उभं ठेवलं होतंत मला कुठेतरी,
हे खरं."

पेटीतल्या मखमलीत अकरा खाचा,
तेलाच्या डागांनी आपापला आकार धरून.
सकाळी गालांना साबण फासला.
आज नंबर हैमावाल्याचा.
तो कापत नाही, ठाऊक आहे.
तरी चामड्याच्या पट्ट्यावर दहा हात मारले
आणि पाठीकडून, हलकेच,
एकदा फिरवला गालावरून.